खान्देशातल्या रस्त्यांसाठी परवडणारे एटी/एमटी टायर : बोलेरो, पिकअप, थार, स्कॉर्पिओ

शिरपूर_बोलेरो

राम राम मंडळी. गाडी बोलेरो, साधी मागच्या चाकांवर ओढणारी, साइज २१५/७५ आर१५, चाकाच्या डिस्क (रिम) स्टीलच्या. टायर गोटा व्हायला आलेत, पावसाळ्याआधी चारही बदलायचे आहेत. सत्तर टक्के धावणं डांबरावर (शिरपूर, धुळे, जळगाव), बाकी शिवाररस्ता. तोही सगळा काळ्या जमिनीतला. महिन्यातून एखादी चक्कर सातपुड्याच्या पायथ्याला. बजेट चार टायरचं तीस हजार, त्यावर ताणलं तर दोन-तीन हजार.

प्रश्न असे : एटी (ऑल टेरेन, डांबर-कच्चा दोन्हीचे) घ्यावे की सरळ बटणवाले एमटी (मड टेरेन, चिखलाचे)? २३५ साइज बसेल का? पैसे वाचवायला फक्त मागे दोन टाकले तर? आणि सेकंडहँडच्या भानगडीत पडावं का?

गिरणा_थडी

पहिलं चिखलाचं बोलू, कारण तिथेच सगळ्यांचे पैसे वाया जातात.

आपली काळी माती म्हणजे पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती. ओली झाली की रबराला चिकटते, खाचांत भरते आणि चाकाच्या काही फेऱ्यांतच टायर गुळगुळीत पिंप होतो. एकदा खाचा भरल्या की टायरवर एटी लिहिलंय की एचटी (हायवे टेरेन, साधा रस्त्याचा), याला अर्थ उरत नाही. एमटीच्या खाचा मोठ्या असतात, त्यामुळे तो माती फेकतो, पण फेकायला चाक जोरात फिरावं लागतं. पहिल्या गिअरमध्ये जपून चालवलं तर एमटीसुद्धा भरतो. जोरात फिरवलं तर माती फेकतो खरा, पण त्याच वेळी खाली खड्डाही खोदतो. मुरमाड जमिनीत थोड्याच खोलीवर कडक थर लागतो, अरुंद टायर तिथवर कापत जाऊन पकड घेतो. तापीकाठच्या खोल काळीत तसा थर लवकर लागत नाही. एकदा मागचा गोळा (डिफरन्शियल) मातीवर टेकला की टायर कुठलाही असो, ट्रॅक्टरच बोलवायचा.

म्हणून सांगतो, निव्वळ काळ्या चिखलासाठी टायर घेऊ नका. शेतात वाफसा आला की जा, त्याआधी गाडी डांबरावर लावा. एटीचा खरा फायदा बाकीच्या ठिकाणी आहे : ओलं गवत, खडी, मुरूम, नाल्यातले गोटे, नदीपात्रातली वाळू आणि वरवर ओली झालेली माती. शिवाय ट्रेड (रस्त्याला टेकणारा खाचांचा थर) जाड असतो, त्यामुळे काटा आणि दगड जास्त सोसतो. तुमच्या सत्तर टक्के डांबराला एटीच. एमटी डांबरावर आवाज करतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक लांब जातो आणि लवकर झिजतो.

लळिंग_घाट

गिरणा_थडींशी सहमत. बोलेरोच्या साइजमध्ये देशी एटी साधारण सहा ते आठ हजारांच्या घरात मिळतात, दुकानागणिक फरक पडतो. अपोलो अप्टेरा एटी, एमआरएफ वाँडरर, जेके रेंजर, सीएट क्झार ही नावं दुकानात ऐकाल. थोडं वर गेलं की योकोहामा जिओलँडर ए/टी. वाँडरर आणि रेंजर या नावांखाली रस्त्यावरचा, एचटी नमुनाही येतो. नुसतं नाव सांगून मागवू नका, साइडवॉलवर (टायरच्या बाजूच्या भिंतीवर) ‘ए/टी’ आहे का ते डोळ्यांनी बघा आणि खाचा हाताने चाचपा.

बाहेरून येणाऱ्या टायरचं सांगायचं तर जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरची आयात ‘निर्बंधित’ यादीत टाकली. तेव्हापासून बीएफगुडरिचसारखे टायर मिळतात, पण भाव आणि उपलब्धता दोन्ही बेभरवशाची. एक टायर फाटला आणि जोडीचा सहा महिने मिळाला नाही, तर चारही बदलायची पाळी येते. खान्देशात बसून घ्यायचा तर असा टायर घ्या जो जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला दुसऱ्या दिवशी मिळेल.

दुकानात जाऊन हे तपासा :

तारीख. साइडवॉलवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. १४२५ म्हणजे २०२५ सालचा चौदावा आठवडा. हा आकडा बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो, टायर फिरवून बघावा. चारही टायरची तारीख जवळपास हवी. वर्षभराच्या आतला घ्या. जळगाव-भुसावळच्या उन्हात पत्र्याच्या शेडमध्ये दोन वर्षं पडलेला टायर नवा दिसतो, पण रबर कडक झालेलं असतं. खाचेच्या तळाशी नखाने दाबून बारीक भेगा दिसतात का बघा.

आयएसआय मार्क. नसेल तर पुढे बोलूच नका.

वजनाचा आकडा. साइजनंतर १००एस, १०४एस असं लिहिलेलं असतं. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०९ म्हणजे १०३०, ११२ म्हणजे ११२०. दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात जो आकडा आहे त्याच्या खाली जायचं नाही. अक्षर वेगाचं, ताशी किमीत : क्यू १६०, एस १८०, टी १९०, एच २१०.

आणि हो, ‘एम+एस (मड अँड स्नो) लिहिलंय, चिखलाचाच टायर आहे’ असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. तो शिक्का खाचांच्या रचनेवरून कंपनी स्वतःच मारते, त्यासाठी चिखलात चाचणी लागत नाही. एचटीवरही तो असतो.

शिरपूर_बोलेरो

भारी माहिती. बिलाचं काय? एक दुकानदार म्हणतो बिनबिलाचा घेतला तर हजार कमी.

लळिंग_घाट

बिनबिलाचा घेऊच नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. ट्रॅक्टरच्या टायरला ५ टक्के, पण तो हिशोब आपल्या गाडीला लागत नाही. म्हणजे बिल घेण्याचा भुर्दंड आधीच कमी झाला. बिलावर चारही टायरचे सिरीयल नंबर लिहून घ्या. बनावटीच्या दोषात कंपनी उरलेल्या ट्रेडच्या प्रमाणात पैसे वळते करते. निम्मा झिजला असेल तर साधारण निम्मे. बिल नाही तर दावाच नाही. दगडाने कापला, खड्ड्यात फुगा आला, हे सहसा दोषात धरत नाहीत.

भाव विचारताना ‘सगळं धरून’ विचारा : टायर, नवे व्हॉल्व्ह, बसवणी, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. ऑनलाइन पाचशे रुपये स्वस्त दिसतो आणि बसवणीत तेवढेच जातात. जुने टायर दुकानात सोडणार असाल तर त्याचेही पैसे तोडून घ्या.

रावेर_केळी

माझा प्रश्न वेगळा. पिकअपला मागे एटी टाकायचेत. केळीचे घड बागेतून डांबरापर्यंत काढायचे, बागेत पाणी सोडलेलं असतं. बोलेरोवालाच २१५/७५ आर१५ एटी चालेल ना? साइज तर तोच आहे.

लळिंग_घाट

नाही चालणार. साइज तोच असला तरी आतला टायर वेगळा. हिशोब करा : माल भरल्यावर मागच्या एक्सलवर १,८०० किलो आले तर एका टायरवर ९००. कार-एसयूव्हीच्या १०० आकड्याच्या टायरची हद्द ८००. त्यात उन्हाळ्याचं डांबर आणि कमी हवा. साइडवॉल दुमडत राहते, गरम होते, आतला थर सुटतो आणि टायर फाटतो. बरेचदा काट्यावर वजन केल्यावर कळतं की आपण धरतो त्यापेक्षा तीन-चारशे किलो जास्त भरतोय.

पिकअपला एलटी (लाइट ट्रक) किंवा ‘सी’ (कमर्शियल) लिहिलेला, ८ पीआर (प्लाय रेटिंग, मजबुतीचा आकडा) वा त्यावरचा टायर घ्या. जोड आकडा बघा, १०६/१०४ अशासारखा. पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. पुस्तकात जितका आहे तितका किंवा त्याहून वरचा. ७.०० आर१५ असलेल्या पिकअपला मागे लग नमुन्याचे (आडव्या जाड खाचांचे) टायर मिळतात. केळीच्या बागेतल्या ओल्यात ते एटीपेक्षा सरस चालतात. पुढे रिबच (सरळ उभ्या खाचांचे) राहू द्या, स्टिअरिंग हलकं राहतं.

सातपुडा_४बाय४

रावेर_केळी भाऊ, एक जोड देतो. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, म्हणून ती रिकामीच जास्त फसते. बागेत शिरताना मागे दोन-तीन क्विंटल वजन ठेवलं, तेही एक्सलच्या वर, अगदी मागच्या फळीजवळ नाही, तर टायर बदलल्याइतका फरक पडतो. बिनपैशाचं काम.

पारोळा_रोडवे

शिरपूरवाल्यांच्या दोन टायरच्या प्रश्नावर : बोलेरो मागून ओढते, मग मागेच दोन एटी टाका, पुढे चांगले एचटी राहू द्या. चौदा-पंधरा हजारांत काम. चारच्या मागे कशाला लागायचं?

गिरणा_थडी

अर्धं बरोबर. नवे दोन टायर नेहमी मागेच जातात, यात वाद नाही. मागची पकड आधी सुटली तर गाडी गिरकी घेते, पुढची सुटली तर सरळ जाते. सरळ जाणारी गाडी ब्रेकने सावरता येते.

पण प्रश्न मागे कोणता टायर याचा आहे. ओल्या डांबरावर एटी चांगल्या एचटीपेक्षा थोडा कमी धरतो, एमटी बराच कमी. पुढे नवे एचटी आणि मागे एमटी लावून पावसात कन्नड घाट उतरणं म्हणजे मागचा भाग आधी सुटणार हे ठरवूनच निघणं. म्हणून मागे दोन एमटी हा प्रकार पूर्ण बाद. मागे दोन एटी, पुढे अर्धे झिजलेले एचटी हे तात्पुरतं चालतं. पुढे कोरे एचटी आणि मागे एटी हे मला पटत नाही.

पारोळा_रोडवे

एटी-एचटीत एवढा फरक नसतो हो. आत्ताच्या एटीला बारीक चिरा भरपूर असतात, ओल्यात धरतात. बोलेरो काही शंभरावर पळत नाही. महामार्गावर ऐंशीने जाणाऱ्याला दोन एटीत काही होत नाही. आणि पैसे नसले की माणूस चारच्या नादात जुने चार तसेच वापरतो, ते जास्त धोक्याचं.

गिरणा_थडी

शेवटचा मुद्दा मान्य. १.६ मिलिमीटरची खूण, खाचेतली ती छोटी आडवी पट्टी, ट्रेडच्या बरोबरीने आली असेल तर दोन तरी आजच बदला. पण पावसाळ्यात त्या खुणेपर्यंत थांबूच नका. तीन मिलिमीटरखाली पाणी कापण्याची ताकद झपाट्याने उतरते.

सातपुडा_४बाय४

४बाय४ वाल्यांना दोनचा पर्यायच नाही. थार, जिमनी, गुरखा, ४बाय४ स्कॉर्पिओ : चारही एकाच साइजचे, एकाच नमुन्याचे आणि जवळपास सारखे झिजलेले. पुढच्या-मागच्या घेरात फरक असेल तर ४-हायला (चारही चाकांच्या ओढीला) टाकल्यावर ट्रान्सफर केसमध्ये (पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत) ताण साठत जातो. मातीत तो चाक घसरून सुटतो, डांबरावर सुटत नाही. म्हणूनच कोरड्या डांबरावर ४बाय४ लावायचं नसतं.

बटण_टायर

साइजवर कुणी बोललं नाही. २३५ कुणी टाकलाय का, दिसायला भारी दिसतो.

लळिंग_घाट

दिसायला भारी, पण हिशोब बघा.

२१५/७५ आर१५ चा व्यास : १५ इंच म्हणजे ३८१ मिमी, त्यात दोन्ही साइडवॉल १६१.२५ (२१५ चे ७५ टक्के) च्या दुपटीने, एकूण ७०३.५ मिमी.
२२५/७५ आर१५ : ७१८.५ मिमी, २.१ टक्के मोठा.
२३५/७५ आर१५ : ७३३.५ मिमी, ४.३ टक्के मोठा.

२३५ लावला तर गाडी फक्त १५ मिमी उचलली जाते, कारण व्यासातली निम्मीच वाढ खालून मिळते. बदल्यात मीटरवर ८० दिसतं तेव्हा गाडी साधारण ८३ ने जात असते. प्रत्येक गिअर ४.३ टक्के लांब होतो, म्हणजे भरलेल्या गाडीला चढावर क्लच जास्त जळतो. पूर्ण वळवल्यावर मडगार्डच्या आतल्या भागाला घासतो का ते गाडी रिकामी उभी करून बघू नका. एक पुढचं चाक दगडावर चढवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा. डिस्कची रुंदीही जुळली पाहिजे. २१५ ला साडेपाच ते सात इंच, २३५ ला सहा ते आठ.

कायद्याचीही बाजू आहे. कंपनीच्या मूळ नोंदीत नसलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये येतो आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कडक भूमिका घेतली. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरियंटला कंपनीने दिलेला साइज घेतला तर वाद कमी. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर साइज बघतो.

थारला कंपनीकडूनच २५५/६५ आर१८ आणि २४५/७५ आर१६ असे दोन साइज आलेत. चिखल-दगडाला सोळा इंची चांगला, साइडवॉल उंच असल्यामुळे हवा कमी करायला वाव मिळतो आणि टायरही स्वस्त पडतो. स्कॉर्पिओ क्लासिकला २३५/६५ आर१७, स्कॉर्पिओ-एनला २४५/६५ आर१७ किंवा २५५/६० आर१८. जिमनीला १९५/८० आर१५. जिमनीवाले २१५/७५ आर१५ टाकतात, तो दीड टक्काच मोठा आणि बोलेरोचाच साइज असल्याने सगळीकडे मिळतो. व्यासाने बसतो, कायद्याचं वर सांगितलंच आहे.

चाक बाहेर काढायचे स्पेसर मात्र लावू नका. बेअरिंग आणि हबचे बोल्ट दोन्ही वाजतात.

एरंडोल_नाका

बरोबर शे भाऊ. आता खर्चाचा हिशोब कुणी मांडा राव. एटी महाग पडतो म्हणजे कितला?

गिरणा_थडी

आकडे मी धरतोय, तुमचे तुम्ही घाला.

एचटी ५,५०० रुपये, ५५,००० किमी : टायरमागे १० पैसे, चारचे ४० पैसे प्रति किमी.
एटी ७,००० रुपये, ४५,००० किमी : चारचे ६२ पैसे.
एमटी १०,००० रुपये, २८,००० किमी : चारचे १ रुपया ४३ पैसे.

खरी मेख डिझेलमध्ये आहे. डिझेल ९० रुपये धरा. एचटीवर १४ चा ॲव्हरेज असेल तर किलोमीटरला ६.४३ रुपये. एटीवर १३.५ झाला तर ६.६७, म्हणजे २४ पैसे जास्त. एमटीवर १२.५ झाला तर ७.२०, म्हणजे ७७ पैसे जास्त. टायर आणि डिझेल मिळून एटी एचटीपेक्षा ४६ पैशांनी महाग, एमटी १ रुपया ८० पैशांनी. महिन्याला दीड हजार किमी चालत असेल तर एटीचे ६९० रुपये, एमटीचे २,७००. एमटीच्या दोन महिन्यांच्या फरकात ट्रॅक्टरवाल्याला किती वेळा बोलवता येईल ते बघा.

सातपुडा_४बाय४

एमटी कुणी घ्यावा तेही लिहायला हवं, नाहीतर वाटेल इथे सगळे विरोधात. धडगाव, मोलगी, अक्कलकुव्याच्या आतल्या पाड्यांवर रोज जाणारी गाडी, जिचा डांबराशी संबंधच कमी, तिला एमटी. दगड-मुरमाच्या चढावर बटणं धारेला धरतात, साइडवॉलवरही रबराच्या कड्या असतात. पण अशा गाडीची बटणंही तुकडे तुकडे होऊन उडतात, कारण बेसाल्टचा फुटका दगड चाकूसारखा कापतो. चाक जागेवर फिरवायचं नाही, हलक्या पायाने चढवायचं.

वाळूत उलट. गिरणा-तापीच्या पात्रात एमटी खोदत खाली जातो. तिथे हवा कमी केलेला एटी किंवा साधा एचटीसुद्धा वर तरंगत जातो.

वाघूर

हवेचं सविस्तर टाका ना कुणी. पंपावाला सगळ्यांनाच ३५ भरतो.

सातपुडा_४बाय४

डांबरावर : दाराच्या चौकटीवरच्या चिठ्ठीत रिकामी-भरलेली असे दोन आकडे असतात, तेच. साध्या टायरच्या जागी एलटी टायर टाकला असेल तर त्याच वजनाला जास्त हवा लागते, दुकानदाराकडून कंपनीचा तक्ता मागा.

खडी-मुरूम : चिठ्ठीपेक्षा ५-६ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी. गाडी कमी आपटते, दगड साइडवॉलला कमी कापतो.
चिखल : १८ ते २०.
वाळू : १५-१६. याखाली वळताना बीड (डिस्कला धरणारी टायरची कड) डिस्कवरून उतरू शकते.

हे आकडे रिकाम्या किंवा माणसं बसलेल्या एसयूव्हीचे. भरलेल्या पिकअपची हवा अशी उतरवू नका. हवा कमी असताना ताशी ३० किमीच्या वर जायचं नाही, झटक्यात वळवायचं नाही आणि डांबर लागलं की थांबून भरायची. पुढे गावात पंप आहे म्हणून वीस पीएसआयवर महामार्गाने दहा किलोमीटर काढले, की मे महिन्यात साइडवॉल शिजते.

उन्हाळ्यातली चूक वेगळी. हवा सकाळी, गाडी उभी असताना मोजा. तापमान पाच-सहा अंश वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतो. सकाळचे ३५ दुपारी धुळे-जळगाव धावल्यावर ४१-४२ दाखवतात, हे बरोबरच आहे. तेव्हा घाबरून हवा सोडली की थंड झाल्यावर टायर उपाशी आणि दुसऱ्या दिवशी जास्त गरम. नायट्रोजनला वेगळे पैसे देऊ नका, साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच.

शिरपूर_बोलेरो, तुमच्या बजेटमध्ये सात हजारांचे चार टायर आणि अडीच-तीन हजारांचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर बसतो. आठ हजारांचे चार घेऊन कॉम्प्रेसर टाळण्यापेक्षा हे चांगलं. बॅटरीला चिमट्यांनी जोडायचा घ्या. सिगारेट लायटरवर चालणारा एसयूव्हीच्या टायरला वेळ लावतो आणि फ्यूज उडवतो. सोबत वेगळा गेज ठेवा.

चोपडा_कापूस

पंक्चरचं राहिलं. कापसाच्या वावरात पऱ्हाटी कापल्यावर जे तिरके खुंट राहतात ते काट्यापेक्षा वाईट. ट्रेडमध्ये घुसला तर दुरुस्त होतो, साइडवॉलमध्ये घुसला तर टायर गेला. एटी घेताना ‘तीन प्लाय (थरांची) साइडवॉल’ आहे का विचारा, बहुतेक स्वस्त एटीत दोनच असतात. खुंटांच्या ओळी आडव्या ओलांडू नका, ओळीच्या मधून चाक न्या.

बाभळीचा काटा आत मोडून राहतो आणि हळूहळू हवा सोडतो. पंक्चरवाला वरून बत्ती घालतो, ती तात्पुरती. टायर डिस्कवरून उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्या. साइडवॉल आणि खांद्याजवळ पॅच लागत नाही. गेटर (फाटलेल्या जागी आतून टाकलेला जुन्या टायरचा तुकडा) टाकून महामार्गावर चालवू नका, स्टेपनीपुरता ठीक.

ट्यूबलेसमध्ये ट्यूब टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो. आतला पृष्ठभाग ट्यूबसाठी नसतो, ट्यूब घासून गरम होते आणि फुटली की टायर एकदम बसतो. डिस्कची कड वाकून हवा जात असेल तर आधी डिस्क सरळ करा किंवा बदला.

वाघूर

चिखलातून आल्यावर साठ-सत्तरला स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग केलं तरी दोन दिवसांनी पुन्हा. कारण?

चोपडा_कापूस

डिस्कच्या आतल्या बाजूला सुकलेली काळी माती. दोनशे-तीनशे ग्रॅम एका बाजूला चिकटली की बॅलन्सिंगच्या शिशाला अर्थ नाही. मातीसकट बॅलन्सिंग केलं असेल तर ती पडल्यावर पुन्हा थरथर. आधी चाक काढून आतून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. माती दगडासारखी झाली असेल तर भिजवून ठेवा, पेचकसने खरवडू नका, डिस्कचा रंग जाऊन गंज धरतो. मागच्या ड्रममध्येही गाळ शिरतो. ब्रेक घासल्याचा आवाज आला तर ड्रम काढून साफ करायला लावा.

हवा कमी करून चिखलात गेलात तर बीड आणि डिस्कच्या फटीतही माती जाते. चार-पाच दिवसांत हवा उतरू लागली तर खिळा शोधत बसू नका, साबणाचं पाणी कडेने ओता.

बटण_टायर

सेकंडहँडचं? आणि रिसोल करून बटणं चढवून देतात ते?

लळिंग_घाट

सेकंडहँडमध्ये एकच प्रकार घेण्यासारखा : नव्या थार-स्कॉर्पिओवाल्याने आठवड्यात काढून टाकलेले कंपनीचे टायर. नाशिक, सुरत, इंदूर, संभाजीनगरला असे सेट निघतात, नव्याच्या साठ-सत्तर टक्क्यांत. ट्रेड मोजा, नव्या एटीला सहसा नऊ-दहा मिमी असतो. चारही टायरचे आठवडे सारखे हवेत. आतून हात फिरवून पॅच आणि सुरकुत्या बघा, बीडची कड फाटलेली नको. एकट्या टायरच्या मागे लागू नका.

रिसोल ट्रक आणि पिकअपच्या मागच्या चाकांना ठीक, तेही सांगाडा एकदाच वापरलेला, पाच वर्षांच्या आतला आणि चांगल्या प्लांटमध्ये केलेला असेल तर. प्रवासी गाडीला आणि पुढच्या चाकांना नको. जुन्या एचटीवर बटणाचं रबर चढवलेले जे टायर मिळतात, त्यांची साइडवॉल जुनीच असते, वजनही वाढतं. खान्देशच्या उन्हात ते रबर पट्टीसकट सुटून येतं.

रावेर_केळी

पिकअपला ८ पीआर लग ठरवतोय, मागे दोन. रोटेशनचं काय करायचं? पुढे रिब असल्यावर फिरवता येणार नाहीत.

लळिंग_घाट

मागचे डावे-उजवे आपसात बदला, दर आठ-दहा हजार किमीला. बाणाची खूण असलेला, एकाच दिशेचा नमुना असेल तर टायर डिस्कवरून उतरवून उलटा बसवावा लागेल, म्हणून घेतानाच बाण नसलेला घ्या. बोलेरोला चारही एटी झाल्यावर मागचे दोन सरळ पुढे, पुढचे दोन तिरपे मागे. अलाइनमेंट नवे टायर बसवताना एकदा आणि नंतर मोठा खड्डा लागला की. पुढच्या टायरची कड एकाच बाजूने खाल्ली जात असेल तर आधी बॉल जॉइंट आणि बुश तपासा, ढिल्या सांध्यावर केलेली अलाइनमेंट टिकत नाही.

शिरपूर_बोलेरो

ठरलं मग. चार एटी, २१५/७५ आर१५, वजनाचा आकडा पुस्तकाप्रमाणे, कॉम्प्रेसर वेगळा. शेवटचा प्रश्न : स्टेपनी जुनी एचटी आहे, साइज तोच. तीच ठेवू की पाचवा घेऊ?

गिरणा_थडी

साइज तोच असेल, भेगा नसतील आणि तारीख सहा वर्षांच्या आतली असेल तर तीच ठेवा, मागून ओढणाऱ्या गाडीला चालते. मागच्या चाकाला लावावी लागली तर दोन बाजूंचा घेर वेगळा होऊन डिफरन्शियल सतत काम करत राहतं. तेव्हा ती पुढे लावा आणि पुढचा एटी मागे न्या. आजच हवा मोजून घ्या, बोलेरोच्या स्टेपनीत निम्म्या वेळा पंधरा पीएसआयसुद्धा नसतात. आणि काळ्या जमिनीत जॅक खाली बसतो, मागे दीड फुटाची जाड फळी टाकून ठेवा.